९५०० की १२०००? थारला विंच घेताना काय काय बघितलं

विंच, म्हणजे समोरच्या झाडाला रोप अडकवून रुतलेली गाडी ओढून काढणारी, गाडीच्या पुढे बसवायची मोटर, घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न एकच, किती हजाराची? आमच्या ग्रुपवर कोणीही नवीन थारवाला आला की आठवडाभरात हा प्रश्न पडतोच आणि मग सगळे तुटून पडतात, कोणी म्हणतं ९५०० बास झाली, कोणी म्हणतं घेतोयस तर १२००० घे एकदाच काय ते होऊन जाऊ दे, आणि एक महाभाग नेहमी असतो जो म्हणतो विंच कशाला, गावात ट्रॅक्टर आहे ना. (या तिसऱ्या माणसाला हसू नका, त्याच्याकडे नंतर येतो.) गेल्या पावसाळ्याआधी मीही याच चक्रातून गेलो, बरंच वाचलं, बऱ्याच लोकांची डोकी खाल्ली, घरी "एवढ्यात नवा फ्रीज आला असता" हेही ऐकून घेतलं, आणि शेवटी जे घेतलं ते का घेतलं हे एकदा लिहून ठेवतो म्हणजे दर वेळी मोबाइलवर टाइप करत बसायला नको.

आधी तो आकडा. ९५०० म्हणजे विंचची जास्तीत जास्त ओढ, पौंडात, किलोत नाही, आणि हे मुद्दाम सांगतोय कारण साडेनऊ टनाची विंच आहे असं छातीठोक सांगणारे लोक मला भेटलेत. पौंडाचे किलो केले की होतात साधारण ४३००. सगळीकडे सांगतात तो ठोकताळा असा की भरलेल्या गाडीचं जे वजन होतं, म्हणजे माणसं, डिझेल, सामान, मागची आइसबॉक्स, तंबू, सगळं धरून, त्याच्या दीडपट विंच हवी. थार रिकामी पावणेदोन टनाच्या आसपास, वर माणसं आणि पसारा धरला तर सव्वादोन टन पकडा, त्याच्या दीडपट म्हणजे ३४०० किलोच्या जवळ, पौंडात साडेसात हजार. म्हणजे हिशोबानं ८००० वाली पण चालते, ९५०० तर आरामात. जिम्नीचं भरलेलं कमाल वजन कंपनीच देते १५४५ किलो, दीडपट केलं की २३०० किलो, म्हणजे जेमतेम ५१०० पौंड. तरी जिम्नीवर १२००० लावून फिरणारे आहेतच.

मी ज्या फॅब्रिकेटरकडे मापं घ्यायला गेलो होतो, कोल्हापूरकडचा माणूस, हात सोन्याचा, त्याचंही तेच, "सायेब बाराचीच घ्या, फुडं कायतरी जड दिसाय पायजे की." दिसायला हवी असेल तर प्रश्नच मिटला. पण बऱ्याच कंपन्यांच्या ९५०० आणि १२००० मध्ये मोटर त्याच घरातली असते, फरक गिअरच्या रेशोत, एकीकडे साधारण २१८ ला १, दुसरीकडे २६५ ला १. म्हणजे मोटरची ताकद तीच, फक्त जास्त फेऱ्या मारून जास्त ओढते, त्यामुळे हळू ओढते. वर रोप जाड, वजन जास्त, आणि हे सगळं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकणार. ९५०० वाली लोखंडी तारेसकट ३५-४० किलो जाते, वर माउंटची प्लेट किंवा लोखंडी बंपर धरला की पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि मग "अरे नाक खाली गेलं" म्हणून आणखी खर्च, नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, शेवट नसतो त्याला.

आता खरी गंमत, जी पेटीवर मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत. तो ९५०० चा आकडा असतो ड्रमवरच्या, म्हणजे रोप ज्यावर गुंडाळला जातो त्या रुळावरच्या, अगदी पहिल्या थराचा. पतंगाची फिरकी आठवा, मांजा भरत गेला की फिरकी जाड होत जाते आणि एका फेरीत जास्त मांजा आत येतो, विंचचं तेच, ड्रम जाड झाला की रोप भराभर येतो पण ओढ कमी होते. ड्रमचा व्यास साधारण ६३ मिलिमीटर, रोप १० मिलिमीटरचा, एवढं माहीत असलं की कागदावर गणित मांडता येतं, मी मांडलं. पहिल्या थरात साधारण ५ मीटर रोप बसतो आणि तिथे ओढ ४३०० किलो. दुसऱ्या थरावर ३४००. तिसऱ्यावर २८००. चौथ्यावर, म्हणजे रोप सगळा आत असताना झाड दोनतीन मीटरवर आहे आणि तुम्ही खूश होऊन तिथल्या तिथे हुक अडकवलात तर, २३५० किलो. जवळपास निम्मं! म्हणजे झाड जितकं जवळ तितकी विंच दुबळी, आणि आपण सगळे सवयीनं सगळ्यात जवळचं झाड शोधतो.

बरं तो पहिला थर तरी पूर्ण मिळतो का, तर नाही. रोप ड्रमला जिथे बांधलेला असतो तो बोल्ट लोड घेण्यासाठी नसतोच, पकड असते ती वेढ्यांची, त्यामुळे लोखंडी तार असेल तर निदान ५ वेढे आणि सिंथेटिक रोप असेल तर १० वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत. दहा वेढे म्हणजे पहिल्या थरातला जवळपास अर्धा गेला. राहिला दोनअडीच मीटर. त्या दोनअडीच मीटरसाठी आपण ९५०० चे पैसे मोजतो.

आणि लागते किती ओढ? लष्कराच्या रिकव्हरीच्या हिशोबात एक सोपं गणित आहे, चिखलात गाडी चाकाएवढी रुतली तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, आणि केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. चढ असला तर दर अंशाला वजनाचा साठावा भाग वर, म्हणजे तीस अंशाचा चढ असला की आणखी अर्धं वजन. आपल्या सव्वादोन टनाच्या थारला चाकापर्यंत रुतल्यावर सव्वादोन टन, चौथ्या थरावर पण कशीबशी निघेल. मडगार्डपर्यंत गेली की साडेचार टन, आणि इथे ९५०० पहिल्या थरावर पण कमी पडते, आणि १२००० वाले हसण्याआधी सांगतो, त्यांची पण चौथ्या थरावर तीन टनाच्या आतबाहेर येते. म्हणजे खरी अडचण आली की दोघेही त्याच चिखलात.

त्यामुळे विंच ठरवायच्या आधी मी हे बघा म्हणेन की तुम्ही रुतता कुठे. मावळ, मुळशी, वेल्हे या बाजूला पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेनं जाणारे रस्ते असतात, वर मऊ राड पण खाली बऱ्याचदा मुरूम किंवा खडक लागतो, गाडी एका मर्यादेपलीकडे खाली जात नाही, घसरते मात्र भरपूर. कोकणात जांभा, लाल चिखल, तोही घसरडा, चढावर गाडी जागच्या जागी नाचते आणि बाजूला चरात जाते, तिथे विंच लागते ती वर ओढायला कमी आणि गाडी सरळ धरून ठेवायला जास्त. पण सोलापूर, मराठवाडा, विदर्भातली काळी माती म्हणजे वेगळंच प्रकरण. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, टायर गुळगुळीत होतो, आणि चाक फिरवाल तितकं खाली जातं, खाली काही लागतच नाही. परत ती गाडीला खालून धरून ठेवते, डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधला तो खाली आलेला गोळा, टेकलं की संपलं. वरचा दुप्पट-तिप्पटवाला हिशोब खरा वाटतो तो तिथे. समुद्रकिनाऱ्याचं बोलतच नाही, बहुतेक ठिकाणी वाळूवर गाडी घालायला बंदी आहे आणि भरतीच्या वेळी रुतलेल्या एसयूव्हीचे व्हिडिओ दर उन्हाळ्यात येतातच, तिथे विंच असून उपयोग काय, बांधणार कशाला, होडीला?

मग माझं उत्तर काय, तर पुली. स्नॅच ब्लॉक म्हणतात ती, बाजूनं उघडते, रोप आत घालायचा, पुली झाडाला आणि हुक परत आपल्याच गाडीच्या मजबूत टो-पॉइंटला. ओढ दुप्पट, वेग निम्मा, हे शाळेत शिकलोय सगळे. पण थरांचं गणित यात घातलं की मजा बघा. झाड आठ मीटरवर आहे. सरळ रोप लावला तर २६ मीटरच्या रोपातला १८ मीटर ड्रमवर राहिला, म्हणजे तिसरा थर, ओढ २८०० किलो. तीच पुली लावून केलं तर १६ मीटर बाहेर, १० मीटर आत, म्हणजे दुसरा थर, ३४०० आणि त्याचे दोन पदर, ६८०० किलो. पुलीच्या घर्षणाचे थोडे कापा, तरी सहा टन कुठे गेले नाहीत. मडगार्डपर्यंत रुतलेली थार त्यात निघते, मोटर कमी गरम होते, बॅटरी कमी खाते. ९५०० आणि १२००० मधल्या फरकाच्या पैशात एक चांगली पुली, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, आणि दोनतीन शॅकल, म्हणजे पट्टा आणि रोप जोडायच्या पिनवाल्या लोखंडी कड्या, येतात आणि तरी उरतात. मी तेच केलं, आणि ग्रुपवर कोणी विचारलं की आता हेच सांगतो.

शॅकल घेताना फक्त त्यावर क्षमता कोरलेली आहे का बघा, पाऊण इंचीवर पावणेपाच टन म्हणजे ४.७५ लिहिलेलं असतं, पाच-अष्टमांशवर ३.२५. हार्डवेअरच्या दुकानात तसेच दिसणारे शॅकल किलोच्या भावानं मिळतात, त्यावर काहीही लिहिलेलं नसतं, ते पंपाची मोटर विहिरीत सोडायला ठीक आहेत. आणि टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या त्या गोळ्याला, कधीही काहीही लावून ओढू नका, तो तुटून बंदुकीतून सुटल्यासारखा जातो, जगभर माणसं मेलीत त्यानं.

झाडाबद्दल थोडं, कारण कुठलीही विंच तिला धरून ठेवणाऱ्या वस्तूइतकीच. ऐन, जांभूळ, आंबा, वड चालतात, पट्टा शक्य तितका बुंध्याशी, जमिनीलगत. शेवगा आणि पांगारा अजिबात नको, शेवगा तर मुलगा चढला तरी मोडतो. कोणाच्या कलमाच्या बागेत पट्टा गुंडाळायच्या आधी मालकाला हाक मारा, त्याचं ते पोरासारखं वाढवलेलं झाड आहे, आणि रोप थेट झाडाला वेढून साल सोलून काढणारे जे आहेत त्यांच्यामुळेच पुढच्या वेळी आपल्याला गावात कोणी उभं करत नाही. आणि पठारावर किंवा काळ्या रानात जिथे मैलभर एक बाभूळ नाही तिथे काय? दुसरी गाडी, नाहीतर स्टेपनी पुरणं. हो, खड्डा खणून स्टेपनी ओढीच्या दिशेला आडवी, उभी गाडायची, पट्टा तिच्या मधून काढायचा, ओढीच्या दिशेनं चर काढायचा. काम करतं, पण काळ्या चिकट मातीत तो खड्डा खणणं म्हणजे शिक्षा आहे, फावडं उचलता येत नाही एवढी माती चिकटते.

रोप, लोखंडी तार की सिंथेटिक. यावर माझं मत पक्कं आहे, सिंथेटिक. तार स्वस्त आहे, खडकावर घासली तरी तग धरते, उन्हाची भीती नाही, हे सगळं मान्य. पण तार तुटली की चाबकासारखी उसळते, ते बघितलेला माणूस परत तारेच्या बाजूला जात नाही, आणि तुटायची पण गरज नाही, वापरून तिचे बारीक तुकडे उभे राहतात आणि हातमोज्यातून आरपार जातात. सिंथेटिक, ते डायनिमा वगैरे, तुटलं तरी त्यात तेवढी ऊर्जा साठलेली नसते, वजन नगण्य, पाण्यावर तरंगतं त्यामुळे ओढ्यात हुक शोधत बसावं लागत नाही, आणि तुटलं तर जागच्या जागी परत गुंफता येतं. दोष दोन. एक घासणं, आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या कातळाच्या धारा काय असतात हे माहीत असलेल्याला सांगायला नको, तिथे रोपावर सरकवायची जाड बाही लावायलाच हवी. दुसरा उष्णता. हे मटेरियल दीडशे अंशाच्या आसपास वितळतं, आणि प्लॅनेटरी गिअरच्या बहुतेक विंचमध्ये रोप धरून ठेवणारा ब्रेक त्या रोपाच्या ड्रमच्या आतच असतो. ओढताना फार प्रश्न नाही, पण उतारावर गाडी विंचच्या जोरावर खाली सोडत असाल तर तो ब्रेक तापतो आणि सगळ्यात आतले वेढे शिजतात, वरून काही दिसत नाही. सिंथेटिक घेतलं की पुढे रोलर न लावता अल्युमिनियमचा गुळगुळीत हॉज फेअरलीड, म्हणजे रोप ज्यातून बाहेर येतो ती चौकट, लावायचा, आणि आधी तार वापरलेला फेअरलीड असेल तर तो बदलायचा कारण त्यावरचे ओरखडे रोप कापतात.

आणि रोप कुठलाही असो, त्यावर मधोमध ओलं गोणपाट टाका, म्हणजे तुटला तर उसळायच्या ऐवजी वजनानं खाली पडतो. सोबत जाडजूड डँपर विकतात, घ्या हवा तर, गोणपाट फुकट आहे. पण त्याहून अवघड काम म्हणजे बघे हटवणं. आपल्याकडे गाडी रुतली की दहा मिनिटांत अर्धा गाव गोळा होतो, पोरं ताणलेल्या रोपावरून उड्या मारतात, एक काका नक्की रोपाला हात लावून "घट्ट हाय" असं सांगतात. आधी सगळ्यांना लांब करा, वाईट दिसलं तरी चालेल, मग बटण दाबा.

विजेचं आता. पूर्ण लोडवर ९५०० ची मोटर १२ व्होल्टवर साडेतीनशे-चारशे अँपिअर खेचते. गाडीचा अल्टरनेटर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला पण पुरत नाही, म्हणजे बाकी सगळं बॅटरीतून जातंय आणि फार तर एखादा मिनिट ओढून थांबायचं, बॅटरीला आणि मोटरला दम खाऊ द्यायचा, इंजिन चालू ठेवून थोडी रेस धरायची. तेव्हा बॅटरी म्हातारी झाली असेल तर विंच घ्यायच्या आधी बॅटरी बदला. मोटरमध्ये दोन जाती, सिरीज वाउंड (तारेच्या गुंडाळीची) आणि परमनंट मॅग्नेट (कायमच्या चुंबकाची). मॅग्नेटवाली स्वस्त, करंट कमी खाते, पण लवकर तापते आणि तापली की दमते. मी सिरीज वाउंडच घ्या म्हणेन, आपण विंच वर्षातून मोजक्या वेळा वापरतो पण जेव्हा वापरतो तेव्हा जीव खाऊन वापरतो. केबल जाड, सोबत आलेल्याच वापरा, लांबवायच्या असतील तर तेवढ्याच जाडीच्या वेल्डिंगच्या केबल चालतात, आणि मध्ये एक कट-ऑफ स्विच हवाच हवा. बंपरजवळ पॉझिटिव्ह केबल कायम जिवंत ठेवून शहरात फिरणं, छोटासा अपघात, पत्रा चेपून केबलला टेकला की आग, कारण या लाइनला सहसा फ्यूज नसतो.

पाण्याचं म्हणाल तर पेटीवर आयपी ६७, ६८ असं लिहिलेलं असतं आणि ते असावंच. पण माझ्या ओळखीत ज्यांच्या विंच मेल्या त्या वापरून कमी आणि पडून राहून जास्त. दमट हवा, कोकणातली खारी हवा तर विचारूच नका, आत गंज, सोलेनॉइड, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटलेला, आणि ऐन वेळी बटण दाबलं की नुसता टिक असा आवाज. महिन्यातून एकदा रोप थोडा बाहेर काढून आत घ्या, मोटर फिरते, तेवढ्यानं बराच फरक पडतो. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा विंचवर प्रेशर मारू नको, तो नेमका सीलवरच नोझल धरतो. सिंथेटिक रोप मात्र ट्रिपनंतर बादलीत भिजवून चिखल काढा, आतली वाळलेली रेती रोपाला आतून कापत राहते.

माउंट आणि कायदा हा भाग लोक टाळतात म्हणून सांगतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, आधार मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण मूळ बनावटीत बदल चालणार नाही असं म्हटलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असं कलम आलं. त्यामुळे तो पुढे आलेला अजस्र लोखंडी बंपर मी घेतला नाही, कंपनीच्या बंपरच्या मागे चासीला बोल्टनं लागणारी प्लेट घेतली, बाहेरून फक्त फेअरलीड दिसतो. याला कायद्याचं संपूर्ण कवच समजू नका, बदल तो बदलच, आरटीओतल्या साहेबांनी मनावर घेतलं तर प्रश्न येणारच, इन्शुरन्सवाल्यांना पण विचारून ठेवा. मात्र पादचाऱ्याला लागायला पुढे लोखंड नाही, आणि एअरबॅगचा हिशोब ज्या बंपरवर बेतलेला आहे तो बंपर जागेवर आहे, माझ्या मनाला तेवढं पुरतं. तोटा असा की विंच आत गेली की रेडिएटरची हवा थोडी अडते, घाटात टेम्परेचरचा काटा बघत राहायचा, आणि विंचच्या क्लच लिव्हरपर्यंत हात पोचतो ना हे बसवायच्या आधी बघायचं, नाहीतर रोप मोकळा सोडायला बंपर काढावा लागतो. नंबरप्लेट झाकली जाणार नाही हे पण बघा, वर उचलता येणारा ब्रॅकेट मिळतो.

ब्रँडवर मी भांडत नाही. अमेरिकेतली वॉर्न ही १९४८ पासूनची कंपनी, युद्धातल्या उरलेल्या जीपना लॉकिंग हब करून देण्यातून सुरू झालेली, तिचं नाव सगळ्यात वर घेतात आणि किंमतही तशीच. चिनी विंच तिच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत येतात आणि त्यातल्या काही खरंच चांगल्या आहेत. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा होते, तिथल्या गाड्यांवर पुढे एक मागे एक अशा विंच असतात आणि दिवसभर त्यांना मारतात, जमलं तर एकदा जाऊन बघा, विंचपेक्षा सोबतचा को-ड्रायव्हर रोप कसा हाताळतो ते बघा. घेताना मी फक्त एवढं विचारलं की सोलेनॉइड, ब्रेक आणि रिमोट सुटे मिळतात का आणि भारतात मिळतात का. एका विक्रेत्यानं "सर त्याची गरजच पडत नाही" असं उत्तर दिलं, तिथून निघालो.

आता तो ट्रॅक्टरवाला. त्याचं खरं आहे. पुण्याच्या आसपास गाडी जिथे रुतते तिथून कुठल्यातरी वाडीवर ट्रॅक्टर असतोच, दादा येतात, आधी "पावणं, हिथं कशाला घातली गाडी" हे ऐकून घ्यायचं, मग ते ओढून काढतात, आपण डिझेलचे पैसे आणि वर चहापाणी देतो. तुम्ही कायम तीनचार गाड्यांनी जात असाल तर एक चांगला कायनेटिक रोप (ताणला जाऊन झटक्यानं ओढणारा लवचिक दोर), टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवणं आणि परत भरायला काँप्रेसर, फावडं, टायरखाली घालायच्या पट्ट्या, यात बहुतेक सगळं भागतं आणि ग्रुपमध्ये एकाकडे विंच असली की बास. आणि पुढच्या विंचची एक मोठी अडचण कोणी बोलत नाही, ती फक्त पुढे ओढते. रुतल्यावर शहाण्या माणसाला बहुतेक वेळा मागे जायचं असतं, जिथून आलो तिथली जमीन कडक आहे हे माहीत असतं, पुढे काय आहे देव जाणे. यासाठी हाताची विंच, टिरफर म्हणतात ती, लिव्हर मारून ओढायची, जुन्या जीपवाल्यांकडे अजून असते. पुढे बांधा, मागे बांधा, बॅटरी नको, बंपर नको, आरटीओ नको. वेळ लागतो आणि खांदे निघतात एवढंच. एकट्यानं फिरणाऱ्याला, बजेट कमी असलेल्याला, मी आधी तीच सांगेन. मी इलेक्ट्रिक घेतली कारण आमचं फिरणं बऱ्याचदा दोघांचंच असतं, पावसात, संध्याकाळी, आणि माझी पाठ आता तीस वर्षांची राहिली नाहीये.

तर माझ्या गाडीवर आलं ते असं, ९५००, सिरीज वाउंड, १० मिलिमीटर सिंथेटिक, हॉज फेअरलीड, आतला माउंट, कट-ऑफ, आणि डिकीत पुली, पट्टा, शॅकल, रोपाची बाही.

बसवून आणल्यावर लगेच ट्रेलवर नेऊ नका. नव्या विंचवर रोप कंपनीतून सैल गुंडाळून आलेला असतो, तसाच ठेवून पहिल्यांदा जोर लावला की वरचा थर खालच्या थरात घुसतो आणि असा अडकतो की ना आत ना बाहेर. एखादा मोकळा, हलक्या चढाचा रस्ता बघा, रोप शेवटचे दहा वेढे ठेवून पूर्ण बाहेर काढा, चढावरच्या दुसऱ्या गाडीला किंवा झाडाला लावा, आणि इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर हलका पाय ठेवून स्वतःलाच वर ओढत न्या म्हणजे सगळे वेढे ताणात आणि शेजारी शेजारी बसतात. दोघं लागतात, एक आत ब्रेकवर, एक बाहेर रिमोट घेऊन, हातमोजे घालून, रोपाला हातानं वाट दाखवायची हौस न करता. शेवटचा एकदीड मीटर राहिला की बटण दाबून धरायचं नाही, टप्प्याटप्प्यानं दाबायचं, नाहीतर हुक येऊन फेअरलीडवर आपटतो आणि कडेला पहिल्याच दिवशी खाच पडते, मग कानस घेऊन बसा.